ट्यूब सोडताना

मुरुम हा काही आजार नाही, असं मला आजवर ढीगभर लोकांनी सांगितलंय. सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडावर मुरुम नव्हता. "वयाचं असतं, जातील." "लग्न झालं की जातात." "पोट साफ ठेव." मी मान डोलवायचे आणि मनात त्यांना काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला मुरुम होते. ते घालवायला लावलेल्या क्रीमने मला मुरुमांपेक्षा मोठं दुखणं दिलं. त्या क्रीमपासून सुटायला फार वेळ लागला, आणि मधे एकदा सुटले असं वाटत असतानाच मी नकळत पुन्हा तिच्यात अडकले होते. ते कसं झालं ते लिहिते. ज्यांच्या घरी फ्रिजच्या दारात अशी एखादी ट्यूब उभी असेल त्यांनी जरूर वाचावं. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

दिव्यासमोर

आम्ही बेंगळुरूचे मराठी. पणजोबा कापडाच्या धंद्यापायी इकडे आले ते इकडचेच झाले. घरात मराठी बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याचे पाहुणे आले की आमच्या तोंडाकडे बघत बसतात. राहायला जे. पी. नगरात, आणि चिकपेटच्या एका बोळात साड्यांचं दुकान. दुकान अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मोठा भाऊ बघतात. बी.कॉम. झाल्यावर मीही तिथेच लागले.

पूर्वी गिऱ्हाईक गादीवर येऊन बसायचं, आता फोनमधून बघतं. सकाळी दुकान उघडलं की गोल दिवा लावायचा, फोन स्टँडला अडकवायचा आणि लाइव्ह सुरू करायचं. नुसती घडी उलगडून दाखवली तर साडी खपत नाही, अंगावर पदर टाकून दाखवली की खपते. पदर टाकायला आमच्या घरात मी होते. एक काढायचा, दुसरा टाकायचा, रंग सांगायचा, काठ कॅमेऱ्याजवळ न्यायचा. हुबळी, बेळगाव, सोलापूरच्या बायका बघायच्या आणि मला "अक्का" म्हणायच्या. मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू, लोकांनी माझ्याकडे बघणं मला आवडायचं.

पंचविशी उलटल्यावर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मुरुम यायला लागले. आत गाठ असलेले, हात लागला की कळ कानापर्यंत जाणारे. मग मेकअप थापायचा, दिव्याच्या उष्णतेने तो ओघळायचा, घरी येऊन तो खरवडून काढायचा आणि वरून टूथपेस्ट लावायची. बी.कॉम. फर्स्ट क्लास बाई तोंडाला टूथपेस्ट लावून झोपायची. मसूरडाळीचं पीठ झालं, चंदन झालं, लिंबू झालं. लिंबाने गालाची सालटी निघाली तेव्हा थांबले.

आणि मग आईने तिची ट्यूब दिली.

माझ्या जन्मानंतर आईच्या गालांवर वांग आले होते. घराखालच्या मेडिकलवाल्याने कधीतरी तिला एक क्रीम दिली, तेव्हापासून ती रोज लावायची. वांग दिसेनासे झाले, गाल गुलाबी झाले. शेजारणी म्हणायच्या, "अक्का, तुमचं वय दिसत नाही." आईला त्याचा केवढा अभिमान. फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी ती ट्यूब कायम उभी असायची, आणि आमच्याकडे डास चावला तरी तीच, वाफेने हात भाजला तरी तीच.

"स्वल्पच लाव," आई म्हणाली. स्वल्प म्हणजे थोडी. मी थोडीच लावली.

आठवड्याभरात गाठी बसल्या. महिन्याभरात चेहरा असा झाला की मीच आरशासमोरून हलेना. लाइव्हमध्ये बायका साडीचं सोडून माझ्या गालांबद्दल विचारायला लागल्या. अप्पा कधी कोणाचं कौतुक करत नाहीत, तेसुद्धा म्हणाले, "आता बघणाऱ्यांचं लक्ष साडीवर राहतं." एवढं म्हणजे आमच्या घरात पद्मश्री.

वर्ष गेलं, त्यावर आणखी सहा महिने गेले. ट्यूब आधी एकदा लागायची, मग सकाळ-संध्याकाळ लागायला लागली. उन्हात गेलं की गाल चरचरायचे. मला वाटायचं, उन्हाने सगळ्यांचेच चरचरत असतील.

निदान

भावाबरोबर माल बघायला सुरतेला गेले आणि ट्यूब फ्रिजमध्येच राहिली. दोन-तीन दिवसांत तोंड लालबुंद, सुजलेलं, वर पुवाचे बारीक फोड. परतीच्या गाडीत मी ओढणी तोंडावर घेऊन बसले. घरी आल्या आल्या, चप्पलसुद्धा न काढता, फ्रिज उघडला आणि ट्यूब लावली. संध्याकाळपर्यंत सगळं शांत झालं.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. फोड आले तेव्हा नव्हती वाटली, ते इतक्या लगेच गेले तेव्हा वाटली.

त्वचेची डॉक्टर आमच्याच भागातली. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिने माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि बराच वेळ बघितलं. मग विचारलं, काय लावता. मी पर्समधून ट्यूब काढली. तिने ती हातातसुद्धा घेतली नाही, लांबूनच नाव वाचलं.

"कोणी लिहून दिली?"

"आईने."

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. कन्नडमध्ये म्हणाली ते असं : "यात स्टिरॉइड आहे. तुमच्या चेहऱ्याला याची सवय लागलीय, दारूची लागते तशी. आजपासून बंद. बंद केली की चेहरा चिडणार. सुरतेला झालं त्याच्या कितीतरी पट होईल आणि काही महिने तसंच राहील. मूळचे मुरुमही परत येतील, त्यांचं नंतर बघू."

"काही महिने म्हणजे किती?"

"ते तुमचा चेहरा ठरवेल."

मी तिला सांगितलं की मी रोज कॅमेऱ्यासमोर उभी असते, तेच माझं काम आहे. तिने लाइव्ह म्हणजे काय ते नीट समजून घेतलं आणि म्हणाली, "सध्या दिवा दुसऱ्या कोणासाठी तरी लावा."

औषधं म्हणून काय दिलं? पोटात घ्यायच्या गोळ्या, फेस न येणारा एक फेसवॉश, एका डबीत पांढरं, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बस. एवढ्या मोठ्या संकटाला एवढीशी पिशवी बघून मला फसवल्यासारखं वाटलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. म्हटलं, तूही सोड.

"मला इतक्या वर्षांत काही झालं नाही," ती म्हणाली. "तुझी कातडी नाजूक, अप्पांवर गेलीस."

तिची ट्यूब फ्रिजच्या दारात तशीच राहिली.

माळ्यावर

पुढचे महिने मला कोणी परत दिले तर मी घेणार नाही.

पाणी लागलं की आग. वारा लागला की आग. हसलं की ओठांच्या कडेला चिरा पडायच्या, म्हणून हसणं सोडलं, आणि हसण्यासारखं तसं काही नव्हतंही. चेहऱ्याचा कोंडा काळ्या कुर्त्यावर पडायचा. तोंडावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरायचे, आणि बर्फ काढायला फ्रिज उघडला की दारात ती. मी कितीदा तिच्याकडे बघत उभी राहिलेय याचा हिशोब नाही. एक वाटाण्याएवढी लावली असती तर संध्याकाळपर्यंत सगळं थांबलं असतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही न लावणं, या आजारातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे. बाकी सगळं नुसतं सोसायचं असतं.

मेट्रोत लोक शेजारून उठायचे. जे उठायचे नाहीत ते सल्ले द्यायचे. एका बाईंनी जयनगरपासून चिकपेटपर्यंत मला कोरफडीचे गुण सांगितले. मी स्कार्फ नाकापर्यंत ओढला तर म्हणाल्या, "बांधू नका, हवा लागू दे."

दुकानात दिव्यासमोर वहिनी उभी राहायला लागली. वहिनी बिचारी लाजाळू, पहिले काही दिवस तिचा आवाज फुटत नव्हता. मग फुटला. मी माळ्यावर बसून पार्सलं बांधायचे आणि खालून तिचं ऐकू यायचं, "ही बघा, आनंदी रंग... हा चिंतामणी... काठ बघा." तिचं चांगलं चाललंय याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही. एकदा कोणीतरी विचारलं असावं, आधीच्या अक्का कुठे गेल्या, कारण वहिनी म्हणाली, "त्या ना, गावी गेल्यात." मी तिच्या डोक्यावर, लाकडी फळीच्या वर बसलेली होते. चिकटपट्टी दाताने तोडली आणि पुढचं पार्सल घेतलं.

अधूनमधून माल उतरवायला खाली आले की शेजारचे दुकानदार विचारायचे, "अक्का, मुखक्के एनायतु?" तोंडाला काय झालं? सरी होईल, सरी होईल, म्हणजे ठीक होईल, असंही तेच म्हणायचे. मी हो म्हणायचे.

अप्पा माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघून बोलायला लागले. श्रावणातली वरमहालक्ष्मी म्हणजे आमच्या धंद्याची दिवाळी. इथे त्या दिवशी घरोघरी देवीला नवी साडी नेसवतात आणि बायका स्वतःलाही घेतात. आषाढ लागला तसे अप्पा जेवताना म्हणाले, "डॉक्टर बदलून बघू या का?" मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "नाही, मी आपलं तुझ्यासाठीच म्हणतोय." आणि ताक पिऊन उठले.

मी रडायची जागा म्हणजे बाथरूम. नळ सोडायचा आणि रडायचं. अश्रू गालांवर मिठासारखे झोंबतात, म्हणून खाली वाकून, अश्रू थेट बादलीत पडतील असं रडायचं. ही कला मी शिकले. दाराबाहेर आई उभी असायची. तिच्या बांगड्या वाजायच्या.

बरं वाटायला लागलं

आषाढ संपता संपता एका सकाळी तोंड धुतलं आणि आग झाली नाही. मी पुन्हा पाणी मारलं. नाहीच झाली.

मग रोज थोडं थोडं बरं. लाली उतरली, कातडी मऊ झाली, फोड सुकले. आई मला समोर बसवून जेवायला वाढायची आणि बघत राहायची. एकदा तिने पालथ्या हाताने गालाला हात लावला आणि मी तो बाजूला केला नाही. इतक्या महिन्यांत गालाला कोणी हात लावला नव्हता.

मी मनातल्या मनात डॉक्टरचे पाय धरले. तिच्याकडे जायचं होतं, पण सीझन तोंडाशी आला होता आणि बरं वाटत असताना डॉक्टरकडे कोण जातं? मी गेले नाही. वहिनीने आनंदाने दिवा माझ्या हवाली केला, तिचे पाय दुखायचे. वरमहालक्ष्मीच्या आधी आम्ही सकाळ-दुपार दोन्ही वेळा लाइव्ह केलं. "अक्का आल्या, अक्का आल्या," बायकांनी लिहिलं. सण पार पडला त्या संध्याकाळी अप्पांनी मोगऱ्याचा गजरा आणून माझ्यासमोर ठेवला आणि गल्ल्यावर जाऊन बसले. त्या दिवशी मी जितकी सुखी होते तितकी त्या अख्ख्या वर्षात नव्हते.

दोन डब्या

सणानंतर मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आई हुबळीला गेली. त्याच सुमारास मॉइश्चरायझरची डबी संपली. मी क्लिनिकखालच्या मेडिकलमधून नवी आणली.

नव्या डबीवर आठवडा गेला नाही तो तोंड पेटलं. तेच सगळं, तसंच, पहिल्या दिवसापासून. फोड, सूज, पाणी लागलं की आग. माझं डोकंच फिरलं. डबी बनावट आहे, दुसरं काय असणार? दोन्ही डब्या घेऊन मी मेडिकलमध्ये गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला नाही नाही ते बोलले. माझं कन्नड भांडताना फार शुद्ध होतं.

तो माणूस शांत. त्याने फळीवरची तिसरी डबी काढली, सील फोडलं आणि माझ्या नव्या डबीशेजारी ठेवली. दोन्ही सारख्या, पांढऱ्या, बिनवासाच्या. मग माझ्या जुन्या, संपलेल्या डबीचं झाकण उघडलं. कडेला राहिलेली क्रीम पिवळसर होती.

"ही आमची नाही," तो म्हणाला.

मी नाकाशी धरली. मंद गुलाबाचा वास, आईच्या ट्यूबचा. दीड वर्ष रोज तो वास घेतल्यामुळे मला तो वास असा वाटतच नव्हता, चेहऱ्याचाच वाटायचा. दोन डब्या एकीमागून एक हुंगल्या तेव्हा कळलं. तशीच वर डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरने डबीच्या कडेचं बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला आणि बोट पुसलं.

"घरी कोण कोण असतं?"

मी सांगितलं.

"त्यांच्यात तुमच्यावर सगळ्यात जास्त जीव कोणाचा?"

मी डबीचं झाकण लावलं. प्रिस्क्रिप्शनवर नवं काहीच नव्हतं, तीच औषधं पहिल्यापासून.

आई

ती हुबळीहून आली तेव्हा माझं तोंड बघून तिच्या हातातली पिशवी खाली पडली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"डबीत काय घातलंस?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. कोथिंबिरीची जुडी सोडली, ताट पुढ्यात ओढलं आणि निवडता निवडता सांगितलं. "अर्धी ट्यूब. चमच्याच्या दांड्याने ढवळली. संपत आली की पुन्हा थोडी घालायचे. मावशीकडे निघायच्या गडबडीत राहून गेलं."

"का?"

"का म्हणजे? तू आत रडायचीस, नळ सोडून. मला काय कळत नव्हतं? तिकडे अप्पा रोज मला विचारायचे, यंदा कोण उभं राहणार. तू दार उघडायची नाहीस. मी आई आहे, नुसती बघत बसू?"

"डॉक्टर काय म्हणाली ते तुला मी सांगितलं होतं. त्यात विष आहे म्हणून."

"विष असतं तर मी एव्हाना मेले नसते? वीस वर्षं लावतेय मी."

"तू माझ्या तोंडाला विष फासलंस आई. मी झोपेत असताना फासलं असतंस तरी मला इतकं वाटलं नसतं. माझ्याच हाताने, माझ्याकडूनच लावून घेतलंस."

हे मी म्हटलं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. ती कोथिंबीर निवडत राहिली. देठ आणि पानं एकाच बाजूला टाकत होती.

मी माझी औषधं गोदरेजच्या कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. दागिने बाहेर, मॉइश्चरायझर आत. घरातल्या घरात, सख्ख्या आईपासून. दुसऱ्यांदा क्रीम सुटताना पहिल्यापेक्षा जास्त त्रास झाला, कारण या वेळी दाराबाहेर बांगड्या वाजल्या की मी आतून ओरडायचे, "जा तू." ती जायची.

विचारणाऱ्यांसाठी

आता मला बऱ्याच मुली विचारतात, म्हणून थोडं सांगते. सकाळ-संध्याकाळ साध्या फेसवॉशने तोंड धुवायचं, घासायचं नाही. ओल्या तोंडावरच मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन, दुकानात बसून असलात तरी. चेहरा शांत झाल्यावर कितीतरी दिवसांनी डॉक्टरने मुरुमांचं औषध सुरू केलं. रात्री, वाटाण्याएवढं, तेही आधी एक दिवसाआड. तीन महिने काही होत नाही. लोक तीन आठवड्यांत सोडतात आणि मग म्हणतात, उपयोग नाही. एका वेळी एकच नवी गोष्ट लावा म्हणजे काय बाधलं ते कळतं. फोडू नका. मला माहितीये तुम्ही फोडणार, तरी सांगते.

आणि आठवड्यात गोरं करणारी, आठवड्यात मुरुम बसवणारी ट्यूब कोणीही दिली, मेडिकलवाल्याने, पार्लरवालीने, आईने, तरी डॉक्टरला दाखवल्याशिवाय लावू नका. लावत असाल तर एकट्याने अचानक सोडूही नका, आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. जाताना घरातल्या एखाद्याला बरोबर न्या. डॉक्टर काय म्हणाली ते मी घरी येऊन माझ्या शब्दांत सांगितलं, आणि माझ्या शब्दांना आमच्या घरात काय किंमत होती ते तुम्ही वाचलंच.

माझा चेहरा आज बरा आहे. जबड्याच्या दोन्ही कडांना खड्डे आहेत, गालांवर बारीक लाल शिरा दिसतात, त्या जाणार नाहीत. हनुवटीवर महिन्यातून एखादा मुरुम येतो. लाइव्हला मी आणि वहिनी आळीपाळीने उभ्या राहतो.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

तिची पाळी

मी बरी व्हायला लागल्यावर एक दिवस फ्रिज उघडला तर दारात नुसतं लोणचं. आईने ट्यूब कचऱ्यात टाकली होती. कोणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आमचं बोलणं कामापुरतंच होतं. मला वाटलं, उशिरा का होईना अक्कल आली. माझ्या दीड वर्षाने माझं काय झालं होतं हे मला पाठ होतं, तरी तिच्या वीस वर्षांचं काय होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आठवड्याभरात तिचा चेहरा ओळखू येईना. सूज डोळ्यांपर्यंत, आणि लालीखालून वांग वर आले, आधी होते त्याहून काळे. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, टॉवेल टेकला तरी रक्त यायचं. डॉक्टरकडे नेलं. तिने आईची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाली, "यांना वेळ लागेल." माझ्या वेळेला तिने निदान 'काही महिने' तरी म्हटलं होतं.

आई बाहेर जाईनाशी झाली. भाजीवाला आला की मला पुढे करायची. पंख्याखाली ओलं फडकं तोंडावर घेऊन पडून राहायची. तिची औषधं माझ्याच कपाटात होती, मीच लावायचे. लावताना ती डोळे मिटून दात घट्ट आवळायची.

एका दुपारी ती फडक्याखालून म्हणाली, "स्वल्प आणून दे."

मी न ऐकल्यासारखं केलं.

"आजच्यापुरती. एकदाच. डॉक्टरला नको सांगू, अप्पांनाही नको. फक्त आज. सोसत नाही गं आता." आणि माझी आई, जिने दोन बाळंतपणं आणि अप्पांचा अख्खा स्वभाव तोंडातून ब्र न काढता सोसला, ती लहान मुलीसारखी रडायला लागली. अश्रू खाली ओघळले तशी कळवळली. वाकून रडायचं असतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मी चप्पल घातली आणि खाली गेले.

मेडिकलवाल्याने मला बघितलं आणि मी तोंड उघडण्याआधीच हात मागे फळीकडे नेला. ट्यूब काचेवर ठेवली. इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं आम्ही, विचारायचं काय त्यात. मी ती हातात घेतली. वर एक बाई आगीत पडलीय आणि ती विझवणारी गोष्ट माझ्या मुठीत आहे. तिचं रडणं मला जिन्यातसुद्धा ऐकू आलं होतं. मी शपथेवर सांगते, त्या वेळी डॉक्टर, गोळ्या, माझे गेलेले महिने, काही काही आठवत नव्हतं. ते रडणं थांबावं एवढंच वाटत होतं.

"बेडा," नको, म्हटलं, आणि ट्यूब परत काचेवर ठेवली.

वर गेले. आईने माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि तिचे पाय दाबायला लागले. गालाला हात लावण्याची सोय नव्हती.

बऱ्याच वेळाने ती भिंतीकडे बघतच बोलली. "खाली गेली होतीस ना?"

"हो."

"मग?"

"हातात घेतली होती."

"आता कळलं तुला, मी का घातली ते."

"कळलं," मी म्हटलं.

"तरी नाही आणलीस."

"नाही आणली."

मी दाबत राहिले. तिने पाय ओढून घेतले नाहीत, पण त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.